हातमोजे जोडीनेच येतात

प्रश्न १. 'दुर्बल घटक' ही संज्ञा सोदाहरण स्पष्ट करा.

मानवी हक्क कायद्याच्या वर्गाला चौथा पेपर होता 'दुर्बल घटकांचे संरक्षण' आणि तो मॅडम शिकवायच्या. मॅडमच्या तासाला येणारा दुर्बल घटक नेहमी गोड असायचा. बोलायचा कमी, डोळे मोठे, आणि अन्याय झाला की एका कोपऱ्यात बसून कोणीतरी पदवीधर येण्याची वाट बघायचा. वर्ग अशा घटकावर जीव ओवाळून टाकायचा. पुढच्या बाकांवरून सुस्कारे ऐकू यायचे. मधल्या बाकावरचा एक जण, ज्याला सगळे हळवा म्हणायचे, तो तर मॅडमनी 'उदाहरणार्थ' म्हटलं की रुमाल चाचपायला लागायचा.

भाची मागच्या बाकावर बसायची. (कोणाची भाची, ते लगेच येतंय.) खोलीत दूध नासलंय आणि वास आपल्या एकटीलाच येतोय, असा तिचा चेहरा असायचा. तिला या मंडळींची शिसारी यायची. यांना कायदा नको होता, रडायला जागा हवी होती.

त्या वर्षी प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकाने दुर्बल घटकातला एक खराखुरा अशील शोधायचा आणि त्याची खरी तक्रार खऱ्या अधिकाऱ्यापुढे न्यायची. वर्ग लगेच बाजाराला निघाला. ताजे ताजे घटक पहिल्याच आठवड्यात उचलले गेले. हळव्याला दृष्टी नसलेली, आणि वर गाणं म्हणणारी, मुलगी मिळाली. त्याचे पाय जमिनीला लागेनात. कोणाला निर्वासित कुटुंब मिळालं, तेही तान्ह्या बाळासकट. भाचीच्या वाट्याला आला मामा.

मामाला सगळे नातेवाईक जेलर म्हणायचे. तो जेलर कधीच नव्हता. तुरुंगात साधा पहारेकरी म्हणून लागला आणि साधा पहारेकरी म्हणूनच निवृत्त झाला. पण मिशी आणि आवाज जेलरचा होता, आणि तुरुंग म्हणाल तर त्याने घरीच उघडला होता. भाचीचे वडील गेल्यावर आई तिला घेऊन याच भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली. पंखा चालू राहिला, कान पिळला. दार आपटलं, कान पिळला. ती मोठ्याने हसली तर आधी 'हसायला काय झालं?' असं रीतसर विचारून मग पिळला. नावाने त्याने तिला कधी हाक मारली नाही. 'ए फुकटे' म्हणायचा. पाहुण्यांसमोरही म्हणायचा. पाहुणे हसायचे.

आता तो उजव्या अंगाने लुळा होऊन एका वृद्धांच्या संस्थेत पडला होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि आईच्या गुडघ्यांना त्याला उचलणं झेपणारं नव्हतं. म्हणजे पेपर चौथ्याच्या हिशेबाने वृद्ध, अपंग, निराधार आणि परावलंबी, असे सगळे घटक त्याच्या एकट्याच्या अंगात आले होते. भाचीच्या मनात आलं, हा माणूस इथेही रांग मोडून पुढे घुसला.

प्रश्न २. फरक स्पष्ट करा: कपडा आणि बंधन.

ती त्याला बघायला गेली ती आईने धोशा लावला म्हणून. दारातूनच बघायचं आणि परतायचं, असं ठरवून गेली होती.

संस्थेच्या बोळात फिनेलचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास होता. भिंतीवर देणगीदारांचे हसरे फोटो, त्याखाली चालायच्या काठ्या टेकवून ठेवलेल्या. मामाची खाट खिडकीशी होती. पांघरुणावर दोन पांढरे गोळे ठेवल्यासारखे दिसत होते. मुष्टियोद्ध्याचे असतात तसे, पण कापडाचे, आत कापूस ठासलेला आणि मनगटाशी नाडी. नाडीची गाठ मनगटाच्या खालच्या बाजूला. गोळ्यांच्या आत मामाचे हात होते.

"हे काय?" भाचीने विचारलं.

"हातमोजे," मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे तिथली मदतनीस. संस्थेत सगळ्या मदतनीस बायका मावशी होत्या आणि सगळे म्हातारे आजोबा. नाती सढळ हाताने वाटलेली होती.

"थंडीचे?"

"सुरक्षेचे. दवाखान्यातून आले तेव्हा लघवीची नळी होती ना, ती ओढून काढायचे."

"कुठे आहे नळी?"

"नळी काय, केव्हाच काढली."

"मग हे?"

मावशीने मोज्यांकडे असं पाहिलं की जणू तेही संस्थेत दाखल झालेले कोणी आजोबा आहेत. "हे राहिलेत," ती म्हणाली. मग बाही वर करून तिने दंड दाखवला. "आणि मारतात हो ताई. परवा चापट मारली, मोज्यासकट. धुवायला मोजे काढले की चिमटे काढतात. हे बघा."

दंडावर जुना काळा-निळा डाग होता. भाचीला तो ओळखीचा वाटला. जागा वेगळी, कारागीर तोच.

"पण उजवा हात हलत नाही ना यांचा?"

"नाही. अजिबात."

"मग उजव्याला कशाला मोजा?"

मावशीने तिच्याकडे अतिशय दयेने पाहिलं. "अहो ताई, हातमोजे जोडीनेच येतात."

"झाली का चौकशी?" खाटेवरून आवाज आला. "नाक खाजतंय माझं. सकाळपासून."

मावशी वाकून त्याचं नाक खाजवू लागली. "इथे?"

"वर."

"इथे?"

"वर गं बये! आता खाली आलीस. डावीकडे. तुझी डावी नव्हे, माझी. जाऊ दे, मर तिकडे."

भाची बघत राहिली. मागच्या खोलीत झोपताना तिने या माणसाचे हात बांधलेले मनात कितीदा तरी पाहिले होते, दर वेळी गाठ स्वतः मारली होती. आता समोर बघताना मजा यायला हवी होती. मजा आली नाही, याचाच तिला राग आला.

तेवढ्यात व्यवस्थापक आला. नुकताच पाकातून काढून निथळत ठेवल्यासारखा माणूस. म्हाताऱ्यांशी तो 'आपण' लावून बोलायचा.

"काय आजोबा, आपण आज छान आहोत ना? आपण दूध प्यायलो ना?"

"मी प्यायलो," मामा म्हणाला. "तुझं तू बघ."

भाचीने व्यवस्थापकाला नियम सांगितला. डॉक्टरच्या लेखी आदेशाशिवाय कोणालाही बांधून ठेवता येत नाही. व्यवस्थापक दुखावला गेला, पण गोडपणे.

"अहो ताई, पण आपण बांधलंय कुठे? हा पोशाख आहे. पोशाखाला कधी डॉक्टरचा आदेश लागतो का? उद्या म्हणाल पायजम्याला आदेश आणा. नाडी तर पायजम्यालाही असते!" आणि तो स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसला.

भाचीला उत्तर सुचलं नाही. ते सुचलं जिना उतरताना, शेवटच्या पायरीवर, जिथे चांगली उत्तरं नेहमी दबा धरून बसलेली असतात. पायजमा 'काढा' म्हटलं की काढतात. मागितल्यावर काढतात तो कपडा. मागितल्यावरही काढत नाहीत तो कपडा नव्हे, मग तो कितीही मऊ असो.

ती पायरीवर उभी राहिली. एवढा स्वच्छ मुद्दा वर्गात कोणाकडे नव्हता. आणि तो खर्च करायचा कोणावर, तर त्या माणसावर.

प्रश्न ३. टीप लिहा: अशिलाची निवड.

"पहारेकरी?" मॅडम म्हणाल्या. "तुरुंगात?"

"हो."

"म्हणजे हा माणूस स्वतःच हक्क डावलणाऱ्या व्यवस्थेचा एक भाग होता."

"नुसता भाग नाही मॅडम. आवडीने करायचा."

मॅडमनी टेबलावरच्या कुंडीतलं पान कुरवाळलं. त्यांची खोली सन्मानचिन्हांनी भरलेली होती. पंखा लागला की काचेची चिन्हं किणकिणायची. "असं बघ, आपल्याला आधी सहानुभूती उभी करायची असते. त्या खोलीत दुसरा कोणी म्हातारा नाही का?"

"आहेत की. पण त्यांचे हात मोकळे आहेत."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या.

त्या जरा विचारात पडल्या. "बरं, मग निदान पहारेकरी म्हणू नकोस. 'निवृत्त सरकारी कर्मचारी' म्हण. स्वभावाविषयी बोलायचंच नाही. आणि त्यांची ती मिशी... थोडी कमी करता आली तर बघ. मी स्वतः येईन सुनावणीला. वार्षिक अंकासाठी फोटोही होईल."

भाची बाहेर पडली. दारात हळवा उभा होता. "कसा आहे गं तुझा घटक?" त्याने ओलसर आवाजात विचारलं.

"खवट," ती म्हणाली.

प्रश्न ४. रिकाम्या जागा भरा.

आई वाक्य कधी पुरं करायची नाही. भावाच्या घरात राहून लागलेली सवय होती ती. वाक्य अर्धं ठेवलं की अर्धाच ओरडा बसायचा. फोनवरही तेच.

"काही झालं तरी तो तुझा ________."

"छळवादी," भाची म्हणाली.

"मामा गं, मामा! आणि वेळेला त्याने आपल्याला ________."

"ऐकवलं."

"आसरा दिला! जीभ आहे की कात्री तुझी! आता दादाचे हात असे बघून माझ्या पोटात नुसतं ________."

ही जागा भाचीने भरली नाही. मग म्हणाली, "आई, तू माझ्या कानाला तेल लावायचीस. आठवतं?"

"हो."

"त्याला कधी काही बोलली नाहीस."

"मी बोलले असते तर आपण दोघी त्या दिवशीच ________."



प्रश्न ५. (हा प्रश्न ऐच्छिक आहे.)

अशिलाचा जबाब घ्यावा लागतो. भाची पुन्हा संस्थेत गेली, खाटेशी स्टूल ओढून बसली.

"तुमची तक्रार तुमच्या शब्दांत सांगा, मामा."

"कोणाला सांगू?"

"मला. मी तुमच्या बाजूने उभी राहणार आहे."

मामा हसला. तोंडाची डावी बाजू तेवढी हसली. "तू? फुकटी? मग मेलोच मी."

"तुम्ही सांगणार आहात की मी जाऊ?"

"जा की. मी धरून ठेवलंय का?" त्याने दोन्ही गोळ्यांकडे पाहिलं. "धरता तरी येतंय का?"

ती उठली नाही. "तुम्हीही माणसं बांधून ठेवायचात ना तिकडे?"

"रोज."

"कशासाठी?"

"सुरक्षेसाठी." पापणीसुद्धा न लवता.

"कोणाच्या?"

"ते कोण विचारतंय?"

"ओरडायचे का ते?"

"ओरडायचे की. रडायचे. नाक खाजतंय म्हणायचे."

भाचीचं पेन थांबलं. आता आला, तिला वाटलं. ज्याला मॅडम 'परिवर्तनाचा क्षण' म्हणायच्या तो आता खोलीच्या दारात येऊन उभा आहे. हळवा इथे असता तर त्याने रुमाल पिळून पुन्हा भिजवला असता. मामा छताकडे बघत होता. डावा गोळा पांघरुणावर जरासा हलला.

"पण ते चोर होते," मामा म्हणाला. "मी कुठे चोर आहे?"

संपलं. परिवर्तन दारातून आत डोकावलं आणि चुकून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं निघून गेलं. भाचीला या माणसाविषयी इतका तिटकारा वाटला की क्षणभर तिला बरंच वाटलं. निदान हा बदललेला नव्हता. बदलला असता तर माफ करण्याचं नाटक करावं लागलं असतं.

"हे मोजे काढा असं तुम्ही यांना सांगितलंत कधी?"

"रोज सांगतो."

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, 'हो हो आजोबा, काढू हं.'" व्यवस्थापकाचा आवाज त्याने हुबेहूब काढला. "आम्ही निदान नाही म्हणायचो."

हे वाक्य तिने जसंच्या तसं लिहून घेतलं.

प्रश्न ६. खालील प्रसंग वाचा आणि निर्णय द्या.

सुनावणी म्हणजे कोर्ट वगैरे काही नव्हतं. भाचीच्या तक्रारीवरून अशा संस्था तपासणारा सरकारी निरीक्षक येणार, खाटेजवळ बसणार, दोन्ही बाजू ऐकणार आणि तिथल्या तिथे एक तर आदेश देणार किंवा तक्रार बंद करणार. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत नसे. म्हणजे आज ती बंद झाली तर मामाचे हात शेवटपर्यंत कापसात राहणार होते.

निरीक्षक आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या बघून कंटाळलेला माणूस. व्यवस्थापकाने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि एक कोरा हातमोजा हातात दिला. "बघा साहेब, घालून बघा. किती मऊ!"

निरीक्षकाने हात घालून पाहिला. बोटं आत हलवली. "उबदार आहे," तो पसंतीने म्हणाला.

"नाडी बांधू का, साहेब?" भाचीने विचारलं.

त्याने हात बाहेर काढला.

मग मॅडम बोलल्या. मानवी प्रतिष्ठा, जागतिक दृष्टिकोन, पुन्हा मानवी प्रतिष्ठा. निरीक्षक बिस्किट चहात बुडवत होता. दुसऱ्या प्रतिष्ठेला ते तुटून आत पडलं. मामाने जांभई दिली.

भाचीची पाळी आली. तिने कपड्याचा मुद्दा मांडला. मागितल्यावर काढतात तो कपडा. हे रोज मागतात, कोणी काढत नाही. नळी गेली तरी मोजे गेले नाहीत. डॉक्टरचा कागद नाही. मामाचं ते वाक्य तिने वाचून दाखवलं. आणि मग ती म्हणाली, "आणखी एक. हे तुरुंगात पहारेकरी होते. माणसं बांधायचे. आवडीने. हेही लिहून घ्या."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"ते कशाला सांगताय?" निरीक्षकाने विचारलं.

"म्हणजे नंतर कळून कोणाला वाईट वाटायला नको. मी यांना चांगला माणूस म्हणून तुमच्यापुढे आणलेलं नाही."

निरीक्षकाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग मावशीला म्हणाला, "डावा काढून दाखवा."

मावशीने गाठ सोडली. हात बाहेर आला. पांढराफटक, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. नखं वाढून तळव्याकडे वळली होती आणि तळव्यावर त्यांच्या खुणा होत्या. एक आंबूस वास आला. "मी धुते हो," मावशी पुटपुटली. "घाईघाईत धुते, पण धुते."

मामाने हात उचलला आणि नाक खाजवलं. डोळे मिटून, सावकाश. आधी शेंडा, मग डावी बाजू, त्याची डावी, मग वर भुवईपर्यंत, मग पुन्हा खाली. गेलेलं वतन परत मिळाल्यावर कोणी बांधाबांधावरून फिरून यावं तसा तो आपल्या तोंडावरून फिरून आला. निरीक्षकाने नकळत स्वतःचं नाक खाजवलं. मॅडमचे डोळे भरून आले आणि त्यांनी फोन वर धरला.

"ए," मामा म्हणाला. "इकडे ये. वाक जरा."

भाची वाकली. आता तो डोक्यावर हात ठेवणार, असंच सगळ्यांना वाटलं. मॅडमच्या फोनने खटकन फोटो काढला.

मामाने तिचा कान धरला आणि पिळला.

पकड तीच. अंगठा पुढे, दोन बोटं मागे, आणि अर्धा वेढा. हात फक्त डावा होता. "चारचौघांत माझी अब्रू काढतेस? आवडीने बांधायचो काय? फुकटे!"

"बघा!" व्यवस्थापक आनंदाने ओरडला. "बघा साहेब, आपण काय सांगत होतो?"

मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.

"हे तर हिंसक आहेत," निरीक्षक म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. "तक्रार बंद करावी लागेल."

भाचीचं डोकं आडवं झालं होतं. तिला फरशी दिसत होती, स्टुलाचा पाय आणि चहाच्या कपात बुडालेलं बिस्किट. कान जळत होता. बांधा, तिच्या मनात आलं. बांधा आणि वर अजून एक गाठ मारा. त्यासाठी तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आईसारखं. बाकीचं व्यवस्थापक बघणार होता, गोडपणे.

"मामा," ती म्हणाली, "कान सोडा."

मामाने कान सोडला.

बोटं दमली असतील. आणखी काही असेल असं मानायला भाची तयार नव्हती. पण सोडला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

ती ताठ उभी राहिली. "साहेब, टोपण लावू नका, लिहा. मी सोडा म्हटलं, यांनी सोडला. हे रोज काढा म्हणतात, ते काढत नाहीत. आता धोकादायक कोण ते ठरवा."

"पण ताई, हे मारतात!" व्यवस्थापक म्हणाला. "आत्ताच तुम्हाला..."

"मारतात. हलकट आहेत. तुम्हाला नवीन असेल, मी लहानपणापासून बघतेय. हलकट माणसाचे हात कापसात घालून ठेवावेत असा नियम असेल तर दाखवा. यांच्यापासून सुरुवात करू." तिने खोलीभर नजर फिरवली, व्यवस्थापकावर जरा रेंगाळली, मॅडमवरही. "मोजे पुरायचे नाहीत."

"कोणाला हलकट म्हणतेस गं?" मामा.

"तुम्हाला. मध्ये बोलू नका, तुमचीच बाजू मांडतेय." ती पुन्हा निरीक्षकाकडे वळली. "यांनी मावशींना चापट मारली तर मावशींची तक्रार मी लिहीन. यांच्याविरुद्ध, आनंदाने. पण ती चापटीची असेल. अजून न मारलेल्या चापटीसाठी हात जप्त करता येत नाहीत."

"लिहाल?" मावशीने मागून विचारलं. "चिमट्यांची पण?"

"आजच बसू."

निरीक्षक पेन बोटांत फिरवत होता. त्याची नजर दुसऱ्या गोळ्यावर गेली. "हा उजवा हात हलतो?"

"नाही, साहेब," व्यवस्थापक म्हणाला.

"मग तो कोणाला मारतो?"

व्यवस्थापकाने मावशीकडे पाहिलं.

"जोडीनेच येतात," मावशी हळूच म्हणाली.

आयुष्यभर खोल्या बघितलेल्या माणसाने फार सबबी ऐकलेल्या असतात. या सबबीने मात्र तो खरोखर दुखावला गेला, चांगलं खोटं बोलण्याचेही कष्ट घेतले नाहीत म्हणून. त्याने लिहिलं: दोन्ही हातमोजे तात्काळ काढावेत, डॉक्टरच्या लेखी आदेशाशिवाय पुन्हा घालू नयेत. सही केली.

मावशी उजव्या हाताची गाठ सोडायला वाकली.

"तो राहू दे," मामा म्हणाला.

"काय?"

"उजवा. तो हात गार पडतो."

व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावर पाक परतला. "बघा! त्यांनाच हवाय! आपण पहिल्यापासून काय म्हणत होतो?"

"हवाय ना?" भाची म्हणाली. "मग नाडी कापून टाका आणि घाला."

निरीक्षक वैतागला. "अहो, मी आत्ताच 'दोन्ही' लिहिलंय. आता याला काय म्हणू?"

"कपडा," भाची म्हणाली.

प्रश्न ७. एका वाक्यात उत्तरे द्या.

(अ) प्रात्यक्षिकात भाचीला किती गुण मिळाले?

पास होण्यापुरते, कारण मॅडमनी शेरा मारला होता, 'अशिलाविषयी आदराचा अभाव.'

(आ) सर्वाधिक गुण कोणाला मिळाले?

हळव्याला, त्याची अशील समारंभात फार सुरेख गायली आणि तिची तक्रार काय होती, हे विचारायचं सगळ्यांच्याच राहून गेलं.

(इ) मावशीची तक्रार कोणी लिहिली?

भाचीने, त्याच दुपारी, मामाच्या खाटेजवळ बसून, म्हणजे त्याला प्रत्येक शब्द ऐकू जावा.

(ई) घरी आल्यावर आईने काय विचारलं?

"अगं, कान का एवढा लाल? आणि दादाचं काय झालं ________?"

(उ) भाचीने काय उत्तर दिलं?

"तुझ्या भावाचा हात सुटला."